राखाडी पोपट आणि अण्णांचा राघू

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि निमित्त आहे पोपट. हसू नका. खराखुरा पोपट म्हणतेय, कोणाचा झालेला नव्हे :)

नातवाला पक्षी पाळायचा आहे. साधासुधा नाही, आफ्रिकन ग्रे. प्रश्न फक्त 'काँगो' घ्यावा की 'टिमनेह', एवढाच उरलाय म्हणे. "आजी, तू इतिहास शिकवायचीस ना, मग तूच सांग." पोपटाचा आणि इतिहासाचा काय संबंध, म्हणून मी आधी उडवून लावलं. मग सहज वाचायला घेतलं आणि त्यात आठवडा गेला.

फरक तसा सोपा आहे. काँगो मोठा, साधारण 33 सेंटीमीटरचा, अंग फिकट राखाडी, शेपटी लालभडक आणि चोच काळी. टिमनेह 28 सेंटीमीटरच्या आसपास, रंगाने गडद, शेपटी वाळलेल्या कोकमासारखी, वरची चोच फिकट गुलाबीसर. काँगोचा मुलूख आयव्हरी कोस्टपासून पूर्वेला पार केनियापर्यंत, टिमनेहचा मात्र लहान, गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टचा पश्चिम भाग अशा बाजूचा. पूर्वी दोघे एकाच जातीतले मानत, 2012 पासून 'बर्डलाइफ' त्यांना वेगळ्या जाती धरते. दुकानदार 'कॅमेरून' म्हणून तिसराच प्रकार चढ्या भावात सांगतात, तो मोठ्या अंगाचा काँगोच. पाळणारे म्हणतात, टिमनेह जरा शांत असतो आणि लवकर बोलू लागतो. नाव मात्र काँगोने काढलं. आयरीन पेपरबर्ग बाईंचा प्रसिद्ध ॲलेक्स काँगोच होता. 1977 साली बाईंनी तो शिकागोतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणला, आणि मुद्दाम दुकानातल्या माणसालाच कुठलाही एक उचलायला सांगितलं, म्हणजे हुशार पक्षी निवडून आणला असं कोणी म्हणायला नको. हे मला फार आवडलं. शाळेतही 'अ' तुकडी कोणाला द्यायची यावरून किती भांडणं व्हायची! ॲलेक्स रंग, आकार ओळखायचा, सहापर्यंत मोजायचा. 2007 साली गेला तेव्हा 31 वर्षांचा होता. हे पक्षी पिंजऱ्यात चाळीस-पन्नास वर्षंही जगतात, त्या मानाने लवकरच गेला.

आता इतिहास. पाश्चात्यांना बोलका पक्षी कळला तो आपला, आफ्रिकेतला नव्हे. इराणच्या दरबारी क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. त्याने इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमारास लिहून ठेवलंय की हा पक्षी भारतीय भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलतो. राखाडी पोपट युरोपात रुळले ते त्यानंतर पुष्कळ शतकांनी, पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाऊ लागल्यावर. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत असा एक पोपट भुसा भरून ठेवलेला आहे. रिचमंडची डचेस 1702 साली वारली आणि तिच्यामागे थोड्याच दिवसांत तोही गेला, असं सांगतात.

आपल्याकडे पोपट म्हणजे शुक. कादंबरीची गोष्ट सांगणारा तोच, शुकबहात्तरीत घरच्या बाईला रोज रात्री गोष्टीत अडकवून ठेवणाराही तोच. पण मला आठवली ती ज्ञानेश्वरी, सहावा अध्याय. पारधी दोरीत नळी ओवून टांगतो. पोपट तिच्यावर बसला की त्याच्याच वजनाने नळी फिरते आणि तो उलटा लटकतो. कोणी बांधलेलं नसतं, तरी आपण बांधलो गेलो असं समजून तो नळी आणखी घट्ट धरतो. वेदान्तासाठी दिलेला हा दृष्टान्त मी इतकी वर्षं वाचला, पण तो पक्षी पकडण्याच्या धंद्याचा पुरावाही आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आमचा राघूही कोणीतरी असाच धरला असणार. 1957 साली अण्णांनी तो गोदाघाटावरून आणला. नात्यातल्या मोठ्यांना जुन्या नाशकातल्या वाड्याच्या ओटीवरचा तो पिंजरा आठवत असेल. भिजवलेली डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची हा त्याचा खुराक. अण्णा कचेरीतून आले की दारातूनच "अगं, पाणी आण" म्हणायचे. राघूने ते उचललं, अगदी त्यांच्या घोगऱ्या आवाजात.

1966 साली अण्णा गेले. राघू म्हणतच राहिला. संध्याकाळ झाली की "अगं, पाणी आण." पहिल्या दिवशी आई खरंच तांब्या घेऊन बाहेर आली होती. नंतर ती संध्याकाळी पिंजऱ्यावर पंचा टाकू लागली. पण कधीकधी मुद्दाम टाकायची नाही, हे मी पाहिलेलं आहे. पिंजरा कोणाला देऊन टाक, असं मामा म्हणाला तेव्हा ती त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. राघू 1971 च्या थंडीत गेला. त्यानंतर तो आवाज मी ऐकलेला नाही. अण्णांचा एक फोटो आहे, आवाज कुठेच नाही.

आज अण्णांवर गुन्हाच दाखल झाला असता. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि 1990-91 पासून देशी पक्ष्यांचा व्यापार बंद झाला. देशी पोपट पाळायचा नाही, म्हणून लोक विदेशी पक्ष्यांकडे वळले. ते पक्षी तरी कुठून येतात? राखाडी पोपटांच्या बाबतीत 1975 नंतरच्या चार दशकांत, अधिकृत नोंदींतच, रानातून धरून देशाबाहेर पाठवलेल्यांचा आकडा तेरा लाखांच्या वर जातो. वाटेत मेले ते त्यात नाहीत. एकट्या घानात 1992 पासून त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. 2016 साली जोहान्सबर्गच्या परिषदेत दोन्ही जाती सर्वांत कडक यादीत गेल्या. आपल्याकडेही 2024 च्या नियमांप्रमाणे असा पक्षी ठेवायचा तर परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नातू म्हणतो, आपण पिंजऱ्यातच जन्मलेलं पिल्लू घेऊ, कागदपत्रांसकट. तसं असेल तर माझी कायद्याची हरकत नाही.

पण तो पुढे म्हणाला, "आजी, तो तुझ्या आवाजात बोलायला शिकेल, काय मजा येईल!"

मी पंचाहत्तरीला आले. पिल्लू आज आणलं तर ते बहुधा आणखी चाळीस वर्षं असेल. मग अण्णांची आणि राघूची ही हकिकत त्याला सांगितली. त्याच्या आईलाही मी ती पूर्ण कधी सांगितली नव्हती. तो गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "पणजीने पंचा काढला असेल तेव्हा तिला बरं वाटत असेल की वाईट?" मला सांगता आलं नाही.

काँगो की टिमनेह, अजून ठरलेलं नाही. राघूचा पिंजरा माळ्यावर होता, आम्ही त्यात लसूण ठेवतो. नातवाने तो खाली काढून टेपने मोजला. राखाडी पोपटाला फारच लहान पडेल म्हणाला, आणि पुसून परत वर ठेवला.