कल्हई उडालेले भांडे

उर्दूत लाडक्या लेकराला 'लख्ते जिगर' म्हणतात, मराठीत 'काळजाचा तुकडा'. जिगर म्हणजे यकृत, आणि मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली की पुडीत पडते तेही यकृतच. दोन्ही भाषांनी आईबापांची माया यकृतात ठेवली. त्याच यकृताच्या एका आजाराने गेल्या शतकात आपल्या देशात असंख्य लेकरे हिरावून नेली. हा आजार कसा आला आणि कसा गेला, हा इतिहास मात्र शाळेच्या पुस्तकात नाही.

१८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी या आजाराची पहिली नोंद केली. पुढे त्याला 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' हे नाव पडले. साधारण सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचे मूल. आधी चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत वाढून हाताला टणक लागे. मग कावीळ, पोटात पाणी आणि काही महिन्यांत मृत्यू. सिऱ्हॉसिस म्हणजे यकृताच्या पेशी मरून त्या जागी व्रणासारखे कठीण तंतू आणि गाठी तयार होणे. मोठ्या माणसात दारू किंवा 'बी', 'सी' काविळीचे विषाणू हे त्याचे नेहमीचे कारण. पण दूधपित्या मुलाचा काय गुन्हा?

एकाच घरात एकामागून एक भावंडे जात, म्हणून अनेकांना हा रक्तातला दोष वाटला. कुणी विषाणूवर, कुणी कुपोषणावर, कुणी बुरशी लागलेल्या धान्यावर संशय घेतला. घराण्याचा दोष म्हटला की त्याचा भार अखेर आईच्या माथी येतो, हे आपल्याला सांगायला नको.

१९७० च्या दशकात मृत मुलांच्या यकृताची तपासणी झाली, तेव्हा त्यात तांबे सापडले, तेही भरमसाट. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांत ते कित्येक शे, अनेकदा हजाराच्या पुढे होते. एवढे तांबे आले कुठून?

याचे उत्तर पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात शोधले गेले. तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांनी एक साधा प्रश्न धरला : बाळाला काय पाजता आणि ते कोणत्या भांड्यात तापवता, ठेवता? आजारी मुलांच्या घरची उत्तरे निरोगी मुलांच्या घरच्या उत्तरांशी ताडून पाहिली. १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला, १९८७ मध्ये अधिक तपशिलाचा दुसरा आला. आजारी मुलांना फार लवकर वरचे, म्हणजे गाईम्हशीचे दूध सुरू झाले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले होते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. अशा भांड्यात दूध राहिले की दुधातले केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते आणि ते तांबे बाळाच्या पोटात जाते. जादा तांबे शरीराबाहेर टाकण्याची वाट यकृतातून पित्तावाटे जाते, आणि तान्ह्या बाळात ती वाट पुरती तयार झालेली नसते. आईच्या दुधात तांबे थोडेच असते. आईने मुलाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजावे, असे सूरह अल-बकरामध्ये सांगितले आहे. ज्या घरात या ना त्या कारणाने अंगावरचे दूध लवकर तुटले, तिथे त्या जागी पितळी पातेले आले.

इथे आपल्या ओळखीचा एक माणूस आठवतो : कल्हईवाला. या धंद्यात मुसलमान कारागीर पुष्कळ होते. भाता, नवसागर, कापसाचा बोळा आणि कथलाची कांडी घेऊन तो गल्लोगल्ली फिरे. भांडे चकचकीत होई एवढेच लोकांना दिसे. प्रत्यक्षात कथलाचा तो पातळ थर अन्न आणि तांबे यांच्यामध्ये पहारा देत असे. थर झिजला आणि चार पैसे वाचवायला कल्हई लांबवली की पहारा उठला. नवी मुंबईतल्या आजच्या मुलांना 'कल्हई' हा शब्दही समजावून सांगावा लागतो.

हे केवळ हिंदुस्थानात घडले असेही नाही. ऑस्ट्रियाच्या टायरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले अशाच आजाराने गेल्याचे १९९६ साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाले. तिथेही दूध तापत होते ते कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात. काही मुलांत जन्मजात दुर्बलता असावी, अशी शंका आजही आहे. पण भांडी बदलली आणि आजार ओसरला. आपल्याकडे स्टीलची भांडी आली, डॉक्टरांनी गावोगावी पितळेविरुद्ध सांगितले, आणि १९९० च्या दशकात हा आजार जवळपास नाहीसा झाला.

मोठ्यांचा सिऱ्हॉसिस मात्र गेलेला नाही. त्यांच्या घरात आता पितळी पातेल्याइतकीच निरुपद्रवी वाटणारी दुसरी वस्तू आहे : ॲसिडिटीची गोळी. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल या औषधांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अल्सरच्या असंख्य रोग्यांना वाचवले, हे खरेच. पण जठरातले आम्ल हीसुद्धा एक कल्हईच आहे. तोंडावाटे गेलेले जंतू ते मारते. सिऱ्हॉसिसच्या रोग्याचे आतडे आधीच झिरपते. आम्ल दाबले की जंतू खाली उतरतात, पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग होण्याचा आणि अमोनिया वाढून शुद्ध हरपण्याचा धोका वाढतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हे अभ्यास बहुतांशी निरीक्षणाचे आहेत आणि गोळी घेणारे मुळातच जास्त आजारी असतात, म्हणून सगळा दोष गोळीचा म्हणता येत नाही. तरीही यकृततज्ज्ञांच्या 'बाव्हेनो' परिषदेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत म्हटले आहे की, रक्तस्रावात दुर्बिणीच्या तपासणीआधी सुरू केलेली अशी गोळी, ठोस कारण नसेल तर तपासणीनंतर लगेच थांबवावी.

याचा अर्थ कुणी आपल्या मनाने गोळी टाकून द्यावी असा नाही. अल्सर असेल, नुकताच रक्तस्राव झाला असेल, तर ती लागतेच. अर्थ एवढाच की, घरात यकृताचा रोगी असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारावे : ही गोळी कशासाठी आहे, आणि किती दिवस? पुण्याच्या डॉक्टरांनी भांड्याविषयी विचारलेला प्रश्नही इतकाच साधा होता. तो आधीच्या शंभर वर्षांत कुणी नेटाने विचारला नव्हता.