तक्षशिला : ऐकलेली आणि पाहिलेली

तक्षशिलेचे नाव आपण शाळेच्या पहिल्या इतिहासपुस्तकापासून ऐकत आलो आहोत. वैद्यराज जीवक तेथे शिकला, देशोदेशीचे विद्यार्थी तेथे जमत, असे वाचताना डोळ्यांसमोर एक चित्र उभे राहते : भव्य प्रवेशद्वार, ओळीने व्याख्यानगृहे, मोठे ग्रंथालय आणि विद्येची तहान असलेल्या प्रत्येकाचे स्वागत. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांनाही आपण हेच चित्र अभिमानाने सांगतो. ते उराशी बाळगूनच गेल्या वर्षी मी तक्षशिला पाहिली.

इस्लामाबादच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवर हे अवशेष पसरलेले आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८६३-६४ च्या सुमारास हे स्थळ निश्चित केले आणि १९१३ पासून १९३४ पर्यंत सर जॉन मार्शल यांनी त्याचे उत्खनन केले. येथे एक नव्हे, तीन नगरे सापडली. भीर टेकडीवरील नगर सर्वांत जुने. त्यानंतर ग्रीक राजांच्या काळात वसलेले सिरकप, आणि शेवटी कुषाणांचे सिरसुख. बुद्धकाळाशी ज्याचा संबंध जोडावा ते भीरचेच नगर. तेथे दिसतात त्या अरुंद, वाकड्यातिकड्या गल्ल्या, ओबडधोबड दगडांच्या घरांचे पाये आणि सांडपाण्याचे शोषखड्डे. विद्यापीठ म्हणून बोट दाखवावे अशी एकही वास्तू तेथे नाही. प्रथमदर्शनी मन खट्टू होते.

परंतु दोष त्या दगडांचा नाही; आपण आजच्या विद्यापीठाचा आराखडा घेऊन तेथे गेलेलो असतो. पाली साहित्यातील तक्षशिला निराळी आहे. तेथे विद्या आचार्यांच्या घरी मिळे. जातककथांत सोळा वर्षांचा राजपुत्र घरून निघतो, तक्षशिलेस पोहोचतो आणि आचार्यांपुढे एक हजार नाण्यांची थैली ठेवतो. ज्याच्यापाशी धन नसे तो दिवसा गुरुगृहीची कामे करी आणि रात्री पाठ घेई. विनयपिटकातील जीवक सात वर्षे एका वैद्याजवळ शिकला. परीक्षेच्या वेळी, तक्षशिलेभोवती योजनभर फिरून औषध नसलेली वनस्पती आण, असे गुरूंनी सांगितले. तो रिकाम्या हातांनी परतला आणि तेव्हाच त्याची विद्या पूर्ण झाली. हे सारे अशाच गल्ल्यांतील घरांमधून घडले असेल, हे ध्यानी आले की भीरचे पाये बोलू लागतात.

मग दुसरा प्रश्न उभा राहतो. त्या घरांचे दार कोणासाठी उघडे होते?

याचे उत्तर चित्त-संभूत जातकात आहे. उज्जैनीबाहेरच्या चांडाळवस्तीतले चित्त आणि संभूत हे दोघे नगराच्या वेशीवर आपली कला दाखवत होते. एका श्रेष्ठीची आणि एका पुरोहिताची कन्या उद्यानात निघाल्या असता त्यांच्या दृष्टीस हे दोघे पडले. अशुभ झाले म्हणून मुलींनी सुगंधी जलाने डोळे धुतले आणि त्या माघारी फिरल्या. उद्यानातल्या मेजवानीस मुकलेल्या लोकांनी या दोघांना बेदम मारले. तेव्हा जात लपवून ते तक्षशिलेस गेले आणि ब्राह्मण म्हणवून शिकू लागले. चित्त विद्येत निपुण झाला. एके दिवशी यजमानाकडे भोजनाच्या वेळी गरम पायसाचा घास संभूताच्या तोंडात गेला, तोंड पोळले, आणि भान हरपून तो आपल्या वस्तीच्या बोलीत बोलून गेला. चित्तानेही त्याच बोलीत उत्तर दिले. सहाध्यायांनी बोली ओळखली, दोघांना मारहाण केली आणि हाकलून दिले. या कथेतील चित्त हा बोधिसत्त्व आहे आणि संभूत म्हणजे पूर्वजन्मीचा आनंद.

जातक म्हणजे न्यायालयाचा दप्तरी कागद नव्हे, हे मान्य. त्याचा गद्यभाग पुष्कळ उशिरा आजच्या रूपात आला. तरीही सहाध्यायांनी का मारले, याचे स्पष्टीकरण देण्याची गरज कथाकाराला भासली नाही. ऐकणाऱ्याला ते ठाऊकच होते. इतिहासाच्या अभ्यासकाला हे मौन पुरेसे बोलके आहे.

भीरपासून काही अंतरावर जौलियनची टेकडी आहे. पायऱ्या चढून गेल्यावर स्तूपांचे प्रांगण लागते, आणि त्यापलीकडे अंगणाभोवती भिक्खूंच्या खोल्या, सभागृह, स्वयंपाकघर. पुष्कळ पर्यटक यालाच विद्यापीठ समजतात. हा विहार जीवकानंतर कित्येक शतकांनी, कुषाणकाळात उभा राहिला. दोन्हींची गल्लत करू नये. पण त्यांतील फरक अवश्य पाहावा. संघात येणाऱ्यास विनयाप्रमाणे रोग, ऋण, दास्य, राजसेवा, मातापित्यांची अनुमती यांविषयी प्रश्न विचारले जात. म्हणजे हे दारही सर्वांना सताड उघडे नव्हते. मात्र त्या प्रश्नांत जातीचा प्रश्न नव्हता. न्हावी उपाली आणि झाडूवाला सुनीत यांना तथागतांनी ज्या नियमाने संघात घेतले, तोच नियम या खोल्यांतून चालत होता. सातव्या शतकात ह्युएनत्संग येथे आला तेव्हा बहुतेक विहार भग्न होते आणि भिक्खू मोजकेच उरले होते.

उत्खनन सुरू झाले त्याच १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना जात लपवावी लागली नाही. मात्र १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीसाठी परतल्यावर राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी पथिकाश्रमात पारशी नाव घेऊन राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेल्या विद्वानावर चित्त-संभूताचाच प्रसंग ओढवला होता.

म्हणून तक्षशिलेचा अभिमान सांगताना आपण ही कथा गाळू नये. ज्या परंपरेने ती जपली, आणि हाकललेल्याला बोधिसत्त्व म्हटले, तिचा अभिमान अधिक खरा आहे. परदेशातील आपल्या मेळाव्यांतही कोणी आडनाव विचारते, गाव विचारते, बोलीकडे कान लावते. त्या वेळी भीरची ती अरुंद गल्ली आठवावी. आपल्या मुलांना तक्षशिला सांगाल तेव्हा जीवकाबरोबर चित्त आणि संभूत यांचीही नावे सांगा.