पत्री सरकार : शिक्षापद्धती व तिचे मूल्यमापन

तत्कालीन सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात चाललेल्या भूमिगत प्रतिसरकारने दिलेल्या शिक्षा आणि त्यांविषयी तेव्हा व नंतर झालेला विचार. क्रांतिसिंह नाना पाटील (३ ऑगस्ट १९०० – ६ डिसेंबर १९७६) हे या सरकारचे सर्वमान्य नेते. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही इतर प्रमुख नावे. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे हा वारसा दोन्ही जिल्हे आपला मानतात.

नाव : मूळ शब्द प्रतिसरकार. लोकांच्या तोंडी त्याचे ‘पत्री सरकार’ झाले आणि या रूपाला शिक्षेचा अर्थ चिकटला. घोड्याच्या टापेला नाल ठोकावी तशी फितुराच्या तळव्याला पत्री ठोकतात, असा समज दूरवर पसरला. कार्यकर्त्यांच्या कथनांत मात्र तळव्यांवर काठीने मारल्याचे वर्णन येते.

विस्तार : गावांच्या संख्येबाबत एकवाक्यता नाही. सुमारे दीडशेपासून सहाशेहून अधिक गावांपर्यंत आकडे दिले जातात.

न्यायदान : गावोगावी पंचांची न्यायदान मंडळे होती. जमिनीचे, कर्जाचे व घरगुती तंटे त्यांच्यापुढे येत. सावकाराने बळकावलेली जमीन कुळाला परत देणे, दारूबंदी, कमी खर्चाचे ‘गांधी विवाह’ ही कामेही याच यंत्रणेतून झाली. तालुक्याच्या कचेरीत वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच चावडीवर, आपल्याच भाषेत निवाडा मिळाला, हे या सरकारचे सर्वांत मोठे काम होय. नाना पाटील स्वतः तलाठी होते व १९३० च्या कायदेभंगात त्यांनी नोकरी सोडली. गावातला कागद कोणाच्या बाजूने लिहिला जातो, हे त्यांनी आतून पाहिले होते. सत्यशोधक चळवळीचा संस्कारही या न्यायदानामागे होता.

शिक्षा : शिक्षा होणाऱ्यांत पोलिसांचे खबरे, दरोडेखोर, जुलमी सावकार व स्त्रियांना छळणारे पुरुष होते. तुफान सेना या प्रतिसरकारच्या सशस्त्र दलातील कुंडलचे कॅप्टन भाऊ (रामचंद्र श्रीपती लाड) यांनी उतारवयात दिलेल्या मुलाखतीत ही पद्धत उघडपणे सांगितली आहे. रात्री खबऱ्याच्या घराला वेढा घालायचा, त्याला गावाबाहेर न्यायचे, दोन्ही घोट्यांमध्ये काठी घालून पाय बांधायचे, उलटे धरायचे आणि फक्त तळव्यांवर मारायचे. त्या माणसाला पुढे कित्येक दिवस नीट चालता येत नसे. खबऱ्याचे म्हणणे आधी ऐकून घेतल्याचा उल्लेख या कथनात नाही. काहींना ठार मारल्याचेही उल्लेख आढळतात; त्यांची संख्या व कारणे वादग्रस्त आहेत.

त्या काळची मोजपट्टी : इंग्रजी राजवटीत फटक्यांची शिक्षा कायदेशीर होती. ती देणारा १९०९ चा कायदा स्वतंत्र भारतात १९५५ मध्ये रद्द झाला. १९४२ च्या आंदोलनात गावेच्या गावे सामुदायिक दंडाला बळी पडली आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी हुतात्मे झाले. अशा राज्याविरुद्ध लढणाऱ्यांपुढे तुरुंग उभारण्याचा मार्ग नव्हता. तरीही, ‘तेव्हा सगळे असेच चाले’ हे समर्थन पुरेसे नाही. मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर महात्मा गांधींनी गुप्त चळवळीला नापसंती दर्शवून भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला. साताऱ्यातील अनेकांनी तो मानला नाही. नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगतच राहिले. हिंसेविषयीचा आक्षेप मागाहून शोधलेला नाही. चळवळीच्या अंगणातच तो उभा होता.

आजची मोजपट्टी : १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा छळाला पूर्ण मनाई करतो. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात (१९९६) कोठडीतील छळ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन केलेले नाही. या मोजपट्टीने तळव्यांवरील मार हा छळच ठरतो. मारणारा देशभक्त होता म्हणून त्या कृतीचे नाव बदलत नाही. मात्र हाच निकष आजच्या पोलीस कोठडीला लावण्याची ज्याची तयारी नाही, त्याला तो ऐंशी वर्षांपूर्वीच्या भूमिगतांना लावण्याचा अधिकार उरत नाही. फ्रान्समध्ये १९४४ च्या मुक्तीनंतर जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून स्त्रियांची जाहीर मुंडणे झाली. पुढे तेथील अनेकांनी प्रतिकारलढ्याचा मान राखूनच त्या मुंडणांची लाज मान्य केली. नाना पाटलांच्या बाबतीतही हीच रीत योग्य. गावकीला न्याय देण्याचे श्रेय आणि बांधलेल्या माणसाला मारल्याचा दोष दोन्ही एकाच नोंदीत यावेत. एकाने दुसरे पुसले जाऊ नये.

साधने : पोलिसी कागद एका बाजूचे, कार्यकर्त्यांच्या आठवणी दुसऱ्या बाजूच्या. कासेगावात स्थायिक झालेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी या सरकारचा अभ्यास केला. मार खाल्लेल्यांची कथने फार थोडी छापली गेली. पत्रीच्या नावाखाली गावातली जुनी वैरे फेडली गेली काय, या प्रश्नाचे उत्तर त्या मौनात अडकले आहे.

स्त्रिया : नानांच्या कन्या हौसाबाई पाटील व कासेगावच्या इंदुताई पाटणकर या चळवळीत होत्या.

राजकीय उत्तरायुष्य : नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून व १९६७ मध्ये बीडमधून कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेवर निवडून आले.

स्मारक : ७ जून १९४३ रोजी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी तुफान सेनेने शेणोलीजवळ अडवली, तेथे लोहमार्गालगत छोटे स्मारक आहे.