इतक्या दूर काहून? नागपूरच्या ‘बाहेर’ घर घेण्याची जुनी गोष्ट

जामठ्याकडे घर पाहून राहिलो आहे असं सांगितलं की समोरचा आधी हेच विचारतो, "इतक्या दूर काहून?" मंडळी, हा प्रश्न नागपूरच्या प्रत्येक पिढीला विचारला गेला आहे, म्हणून थोडं मागून सांगतो.

बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास बारा खेडी जोडून हे शहर वसवलं. भोसल्यांच्या काळात महाल, इतवारी, शुक्रवारी म्हणजेच नागपूर. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रज टेकडीच्या बाजूला बसले, मग सिव्हिल लाइन्स झाली, १८६७ मध्ये रेल्वे आली आणि रुळांनी गावाचे सरळ दोन भाग केले. पूर्वेला जुनी वस्ती, पश्चिमेला मोकळं रान. लोहापुलाच्या पलीकडे राहायला जाणं म्हणजे महालातल्या माणसाला गाव सोडल्यासारखंच. आमच्या आजोबांनी धरमपेठेत जागा बघितली तेव्हा पणजीने विचारलं होतं म्हणे, "तिथं मयताला माणसं कोण येतील?" आजोबांनी ती जागा घेतली नाही. आज तिथला भाव विचारायची आमची हिंमत होत नाही, तो भाग सोडा.

पण धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ ‘दूर’ असूनही टिकल्या, त्याला कारण आहे. १९३६ मध्ये नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा झाला. जमीन घ्यायची, रस्ते-नाल्या आखायच्या आणि मग प्लॉट भाडेपट्ट्यावर द्यायचे, ही त्यामागची कल्पना. म्हणजे आधी पाइप, मग माणूस. (या ट्रस्टला आपण पुढे कितीही शिव्या दिल्या तरी हा क्रम बरोबर होता.)

गडबड पुढे झाली. १९५१ ला शहराची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास होती. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली, तेव्हा आता नागपूर ओस पडणार असं वाटलं असेल. झालं उलटं. १९८१ पर्यंत आपण बारा लाखांच्या पुढे गेलो. इतक्या लोकांना पुरतील एवढे प्लॉट ट्रस्टकडे नव्हतेच. त्यात १९७६ चा कमाल जमीन धारणा कायदा आला. शहराच्या कडेच्या शेतकऱ्याला जमीन हातातून जायची भीती, बाबूला, शिक्षकाला, गिरणी कामगाराला स्वस्त प्लॉट हवा. मधे उभ्या राहिल्या गृहनिर्माण सोसायट्या. शेतात चुन्याच्या रेघा मारायच्या, हप्ते घ्यायचे, एक पावती आणि कधीकधी विक्रीपत्र हातात द्यायचं. एनए नाही, नकाशा मंजूर नाही.

माझ्या काकांनी मानेवाड्याच्या पुढे असाच सोसायटीचा प्लॉट घेतला. पावसाळ्यात काळ्या मातीत स्कूटर जायची नाही, म्हणून ते ती चौकातल्या पानठेल्यापाशी ठेवून चपला हातात घेऊन घरी जायचे. विहीर स्वतःची, सेप्टिक टँक स्वतःची, विजेचे खांब वर्गणीतून. हे काही एकट्या काकांचं नाही. आपल्याकडे ‘५७२’ आणि ‘१९००’ एवढे आकडे नुसते उच्चारले तरी ऐकणाऱ्याला लेआउट आठवतात, तेवढं हे दुखणं सार्वत्रिक आहे.

२००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला. मग डिमांड नोट, विकास शुल्क, आणि ‘आरएल’. आरएल म्हणजे रिलीज लेटर हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. पुण्याच्या मित्राला मात्र दहा मिनिटं समजवावं लागतं. काकांना आरएल मिळालं तेव्हा ते रिटायर झाले होते. प्लॉट स्वस्त पडला असं ते आजही म्हणतात. मी हिशोब मांडला तर विहीर, भर, खांब, शुल्क, टँकर धरून तो तेवढा स्वस्त निघत नाही. जे काम सरकारने आधी करायचं, ते घर घेणाऱ्याने वीस-पंचवीस वर्षांत तुकड्यातुकड्याने करून घेतलं.

आणि ही जुनी गोष्ट संपलेली नाही. त्या कायद्यातली मुदत १ जानेवारी २००१ ची होती; २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकली. म्हणजे मधली वीस वर्षंही तेच चाललं होतं. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये महापालिकेत आले. त्यापलीकडच्या गावांसाठी २०१७ पासून एनएमआरडीए आहे. प्राधिकरण झालं की नळ येतो असं मात्र नाही.

मग शहरातच फ्लॅट घ्यावा का? २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवा. अंबाझरी भरून वाहिला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा चांगल्या, जुन्या वस्त्यांत पहाटे घरात पाणी शिरलं. तेव्हा जवळ म्हणजे सुरक्षित, हेही मला आता पटत नाही.

आमचं गणित साधं आहे. माझं काम मिहानमध्ये, बायकोचं कामठी रोडला. खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो आहे, आणि दुसऱ्या टप्प्यात ती बुटीबोरीपर्यंत जाणार आहे. टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्येच मंजुरी दिली. पण मंजुरीत बसून कोणी ऑफिसला जात नाही, म्हणून आजच्या खापरी स्टेशनपर्यंतचंच अंतर मी धरतो. मॅचच्या दिवशी वर्धा रोडवर काय होतं ते वेगळं सांगत नाही. अंतराचं आमचं जमतं. अडलंय ते दोन गोष्टींवर. ब्रोशरमध्ये ‘एनए-टीपी’ छापलंय, मंजूर नकाशाची प्रत मागितली तर विक्रेता ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतो, असे तीन आठवडे झाले. आणि पाणी बोअरचं आहे. टोकन दिलेलं नाही. नकाशा हातात येईपर्यंत आणि मे महिन्यात तो बोअर स्वतः चालवून बघेपर्यंत देणार नाही, मग भाव वाढला तरी चालेल. बायकोचं मत याहून कडक आहे, ती म्हणते नळाची लाइन दिसल्याशिवाय नाहीच.

जामठा, पांजरी, डोंगरगावकडे राहणारं कोणी इथे असेल तर सांगा नं: गेल्या उन्हाळ्यात तुमच्या बोअरला पाणी किती फुटांवर होतं, आणि टँकर महिन्याला किती लागले?