उलवे टेकडीखालची दहा गावं

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. साधारण ११६० हेक्टरच्या या आवारात काही वर्षांपूर्वीपर्यंत पनवेल तालुक्यातली दहा गावं नांदत होती. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी आणि उलवे. नावं मुद्दाम सगळी दिली, कारण नव्या नकाशात यातली बरीचशी सापडत नाहीत.

वस्ती मुख्यतः आगरी आणि कोळी समाजाची. आपल्या कोकणी मुस्लिम वाचकांपैकी ज्यांचं गाव पनवेल-उरणच्या खाडीकाठी आहे, त्यांना इथलं जगणं वेगळं समजावून सांगायला नको. खाडीचं खारं पाणी मातीचे बांध घालून अडवायचं, उघाडीतून पावसाचं पाणी सोडायचं आणि त्या खारजमिनीत भात काढायचं. बांध फुटला की शेतात खारं पाणी शिरलं, वर्षाचं पीक गेलं. म्हणून बांधाची राखण हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं, अख्खा गाव त्यात उतरायचा. पाऊस सरला की मिठागरं. आणि बारा महिने खाडी होतीच: भरती-ओहोटी बघून पाग टाकायचा, चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या धरायच्या, नशीब असेल तर जिताडा. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याचीही चूल या खाडीवर पेटायची.

ही गावं एका दिवसात गेली नाहीत. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. मोबदला अपुरा म्हणून शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. विमानतळाच्या वेळी तोच आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला. हे मिळालं ते भांडून मिळालं, हे विसरू नये.

आमच्या मते खरी अडचण आकड्याच्या पलीकडे आहे. उर्दूत ‘वतन’ म्हणजे आपलं गाव, आपली माती. मराठीत ‘वतन’ म्हणजे पिढीजात हक्काची जमीन किंवा मान. शब्द एकच, पण भरपाईचा हिशोब मुख्यतः मराठीतल्या वतनाचा झाला. सातबाऱ्यावर नाव असेल तर भूखंड. खाडी मात्र कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते. निवट्या धरणाऱ्या बाईने कागद कुठून आणायचा?

२०१८ च्या फेब्रुवारीत भूमिपूजन झालं. नव्वद मीटरच्या आसपास उंच असलेली उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, सखल जमिनीवर भराव टाकला. लोक वडघर, वहाळ अशा बाजूंना नव्या वसाहतींत गेले. तिथे पक्की घरं आहेत, रुंद रस्ते आहेत, आणि तरुण मुलांना ते आवडतातही, खोटं कशाला बोला. पण पूर्वी एका आळीत राहणारी माणसं आता वेगवेगळ्या सेक्टरांत विखुरली आहेत. विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं ही मागणी एवढी जोरात का होते, ते यावरून कळावं.

काही नावं तेवढी उरली आहेत. उलवे आता एका उंच इमारतींच्या उपनगराचं नाव आहे, तरघर एका रेल्वे स्थानकाचं. आम्ही शाळेत काम करणारी माणसं, त्यामुळे आम्हाला आठवतो तो शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर ‘जन्मस्थळ’ असा एक रकाना असतो. या दहा गावांत जन्मलेल्यांच्या दाखल्यावर तिथे गावाचं नाव, तालुका पनवेल असंच आहे, आणि ते तसंच राहणार. त्यांची मुलं मात्र नव्या वसाहतीचा पत्ता लिहितात. घरात असे जुने दाखले, घरपट्टीच्या पावत्या किंवा लग्नपत्रिका असतील तर रद्दीत देऊ नका. गाव कुठून कुठपर्यंत होतं, हे पुढे त्यावरूनच सांगता येईल.