गाडीतला गारवा आणि बारा नंबरचा वायू

आमच्या गराजमध्ये १९८९ सालची एक जपानी गाडी उभी आहे. विकायचा विषय काढला की सौ. नको म्हणते, कारण दोन्ही मुलांना इस्पितळातून घरी आणलं ते याच गाडीतून. गेल्या उन्हाळ्यात थोरल्याने ती मागितली. इंजिन ठणठणीत, पण एसी मेलेला. मॉरिसव्हिलचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना त्यातली अडचण सांगायला नको. चिरंजीवांनी तोडगाही आणला होता: "बाबा, ट्वेल्व्ह-ए नावाचा डबा मिळतो, जुन्या गॅसच्या जागी सरळ भरता येतो म्हणे." मी म्हटलं, अरे थांब, जरा बघू. त्या बघण्याचा हा लेख झाला.

या गाडीत कारखान्यातून भरून आला होता तो आर-१२, ज्याला सगळे फ्रिऑन म्हणतात. त्याची कुळकथा १९२८ पासून सुरू होते. त्याआधीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असले जहाल वायू असत आणि गळती झाली तर माणसं दगावत. जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजलीने न जळणारा, बिनविषारी पर्याय शोधला. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. (पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पनाही याच गृहस्थांची. एकाच माणसाने हवेला दोनदा इतका ताप द्यावा हे विरळाच.) १९४०च्या सुमारास पॅकार्डने गाडीत एसी बसवला, आणि पुढे अमेरिकेचा दक्षिण भाग राहण्याजोगा वाटू लागला तो बऱ्याच अंशी या वायूमुळे. आपल्या मुंबई-पुण्याच्या घरांतल्या फ्रिजमध्येही हाच. फियाटमधला एसी म्हणजे मात्र खाली केलेली काच!

१९७४ मध्ये शेरवूड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी दाखवलं की हा वायू खाली कशाशीच संयोग करत नाही, म्हणून सावकाश वर जातो. तिथे अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो. म्हणजे जो गुण म्हणून मिरवला, तोच दोष ठरला. दोघांना पॉल क्रुट्झन यांच्याबरोबर १९९५ चं नोबेल मिळालं. दुसरं नाव आपल्याकडे कमी घेतलं जातं, ते वीरभद्रन रामनाथन यांचं. सिकंदराबादच्या एका फ्रिजच्या कारखान्यात इंजिनिअर असताना वायूची गळती का होते हे शोधणं त्यांच्या वाट्याला आलं होतं. पुढे ते आमच्या शेजारच्या व्हर्जिनियात नासाच्या लँग्ली केंद्रात होते, आणि १९७५ मध्ये त्यांनीच दाखवून दिलं की हे वायू पृथ्वीची उष्णताही प्रचंड धरून ठेवतात.

१९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भोक जाहीर केलं आणि १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. भारत तेव्हा बाहेर राहिला. १९९० च्या लंडन परिषदेत पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी बाजू लावून धरली की ओझोनची नासाडी केली श्रीमंत देशांनी, तर नव्या तंत्रज्ञानाचा खर्चही त्यांनीच उचलावा. त्याच परिषदेत गरीब देशांसाठी निधी ठरला, आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. आमच्या पॉटलकमध्ये तेव्हा यावर कडाक्याचे वाद झाले. मला ती भूमिका आजही रास्त वाटते. भारताने १ ऑगस्ट २००८ ला, मुदतीच्या आधीच, हे उत्पादन थांबवलं. अपवाद दम्याच्या पंपांचा.

इथे अमेरिकेत १९९० पासून या वायूवर पाउंडामागे १.३७ डॉलर कर बसला. १९९५ पर्यंत तो ५.३५ झाला. दुकानातले छोटे डबे १९९२ मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठी बंद झाले, १९९४ च्या मॉडेलपर्यंत जवळजवळ सगळ्या नव्या गाड्या आर-१३४ए वर आल्या आणि १९९५ अखेर आर-१२ चं उत्पादनच संपलं. मग मायामीच्या बंदरातून त्याचं स्मगलिंग सुरू झालं.

आमची गाडी १९९१ ची खरेदी, अर्थात सेकंडहँड. मॉरिसव्हिल तेव्हा जेमतेम हजार वस्तीचं गाव होतं (२०२० च्या जनगणनेत तीस हजारांच्या घरात). पहिल्याच उन्हाळ्यात एसी बिघडला. मेकॅनिकने व्हॉल्व्ह उघडला, फुस्स आवाज झाला, मिनिटभरात सगळा वायू हवेत. असं सोडणं १९९२ पासून बेकायदा झालं. तेव्हा सर्रास चाले, आणि मला तर वीस डॉलरांत काम झाल्याचा आनंद होता. आर-१२ चं हवेतलं आयुष्य सुमारे शंभर वर्षं आहे. म्हणजे माझ्या गाडीतला तो किलोभर वायू बहुतांशी अजून वर आहे.

आता चिरंजीवांचा डबा. ट्वेल्व्ह-ए म्हणजे प्रोपेन-ब्यूटेनच्या जातीचं मिश्रण, पेट घेणारं. आर-१२ च्या गाडीत ते भरायला पर्यावरण खात्याची बंदी आहे, आणि डॅशबोर्डमागे गळती झाली तर ती का आहे ते कळतं. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ जुन्या गाडीत चालत नाही. अस्सल आर-१२ अजून कायदेशीर आहे, पण जुन्या साठ्यातला, महाग, आणि परवानाधारक मेकॅनिककडूनच. सील नवे आणि गळती शून्य असेल तर गाडीला तोच उत्तम. आमच्या सिस्टिमला तशी खात्री कोण देणार?

म्हणून आर-१३४ए. तोही साधू नव्हे. कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट उष्णता धरतो, पण आर-१२ जवळपास अकरा हजार पट धरतो. बदल करताना नुसता वायू बदलून भागत नाही. जुन्या खनिज तेलाला हा वायू सोबत नेत नाही, म्हणून कॉम्प्रेसर कोरडा पडतो. तेल एस्टरचं घालावं लागतं. ड्रायर नवा, ओ-रिंगा नव्या, चुकून दुसरा वायू भरला जाऊ नये म्हणून फिटिंग वेगळ्या मापाच्या. व्हॅक्यूम पंप लावून ओल काढायची आणि वायू जुन्या मापाच्या ऐंशी-नव्वद टक्केच भरायचा. जास्त भरला की दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो.

मेकॅनिकने आधी उरलासुरला आर-१२ मशीनने ओढून बाटलीत घेतला. पावशेरही नव्हता. थोरला शेजारी उभा राहून बघत होता. त्याला १९९१ ची गोष्ट मी तिथेच सांगितली. शेवटी बॉनेटखाली नवी चिकटपट्टी लागली: वायू कोणता, तेल कोणतं, तारीख. खालची जुनी पट्टी त्याने खरवडू दिली नाही.