तलवारीकडून तंबोऱ्याकडे

दर्यापूर भागात गावोगावच्या भजनात वीणा आणि एकतारी ऐकू येते. भोपळा, दांडी आणि तार एवढाच त्यांचा संसार. तंबोरा त्याच घराण्यातला, फक्त दरबारात वाढलेला. असे जुने वाद्य मुके झाले, की त्याला पुन्हा बोलते करणारे हात महाराष्ट्रात मुख्यतः मिरजेस आहेत. त्या हातांचा इतिहास तलवारीपासून सुरू होतो.

शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारा कारागीर. १८१८ साली पेशवाई बुडाली, फौजा आटल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. मिरजेत मात्र पटवर्धनांचे संस्थान होते आणि तेथे गवयांचा राबता होता. त्यांची वाद्ये नादुरुस्त झाली, की ती फरीदसाहेब शिकलगार यांच्याकडे जाऊ लागली, असे सांगतात. १८५० च्या सुमारास त्यांनी व बंधू मोईनुद्दीन यांनी तंबोरा घडविण्यास प्रारंभ केला. दुरुस्ती आधी, निर्मिती नंतर!

जुना तंबोरा आला की प्रथम तारा उतरवतात. सांधा सुटला असेल तेथला जुना सरस खरवडून नवा भरतात. भोपळ्याला चीर गेली असेल तर आतून कापड चिकटवतात. भोपळा पार फुटला तर नवा लागतो. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो आणि त्याच मापाचा मिळेपर्यंत थांबावे लागते. झिजलेल्या खुंट्या बदलतात, लाखेचे पॉलिश हाताने चढवतात. इतके होऊनही तंबोरा मुकाच असतो. खरी परीक्षा जवारीची. तारा ज्या रुंद घोडीवर टेकतात, तिचा माथा कानसीने केसभर उतरता करावयाचा. तार तेथे हलकेच घासली पाहिजे. मग तार व घोडी यांमध्ये सुताचा धागा सरकवत नाद उमलेपर्यंत जागा शोधावयाची. यास मोजपट्टी नाही. कान आणि बोटे, बस्स.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे थांबावे. तार ज्या बिंदूवर छेडली, तो बिंदू ज्या उपस्वरांत स्थिर राहतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा पाश्चात्त्य नियम होता. तंबोऱ्यात व वीणेत ते ऐकू येतात, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास दाखवून दिले. कारण ती वक्र घोडी. हाताने काम करणाऱ्यास अडाणी म्हणण्याची आपल्याकडे खोड आहे; ती या घोडीपुढे टिकत नाही.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेतच स्थायिक झाले. एवढे थोर गवई, पण वाद्यदुरुस्तीची हत्यारे स्वतःजवळ बाळगीत आणि तंबोरा स्वतः उघडीत. त्यांची कबर ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे.

पुढे विजेवरचा तंबोरा आला, मग मोबाइलमधला. कारागिरांच्या घरची मुले शिकली व नोकऱ्यांकडे वळू लागली. त्यांना दोष कसा द्यावा? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नावाला संरक्षण आले. जवारी मात्र कागदावर उतरत नाही. ती शिकावयाची तर वडिलांशेजारी बसून, कानस हातात घेऊन, वर्षानुवर्षे.